तोंडी नको, लेखी दे

प्रिय बाळ,

काल तुझा फोन झाल्यावर झोप लागली नाही. "मावशी, मुलींची एक टीम बंद केली तशी मुलांचीही एक केली. मग समानच झालं ना?" असं विचारलंस, आणि पुढे म्हणालीस, कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरांशी एकदा बोलून बघते. बोलू नकोस. लिही.

हाच हिशेब इथे अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाने १९९१ मध्ये मांडला होता. मुलींचं जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल, मुलांचं गोल्फ आणि वॉटर पोलो, अशा चार संघांचा निधी काढून घेतला. विद्यार्थ्यांत मुली जवळपास निम्म्या, खेळाडूंत मात्र सुमारे ३७ टक्के. ज्या ताटात आधीच कमी वाढलेलं, त्यातूनही तेवढीच पोळी उचलली. त्या संघांतली एमी कोहेन आणि तिच्या मैत्रिणी 'टायटल नाइन' या कायद्याखाली, म्हणजे शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला मनाई करणाऱ्या कायद्याखाली, कोर्टात गेल्या. अपील न्यायालयाने १९९३ आणि १९९६, दोन्ही वेळा मुलींची बाजू उचलून धरली.

आता तुझं कॉलेज. त्या कायद्यासाठी खेळांत १९७९ पासून तीन कसोट्या आहेत, त्यांतली एक तरी पार व्हावी लागते. खेळाडूंत मुलींचं प्रमाण विद्यार्थ्यांतल्या प्रमाणाइतकं आहे का? नसेल, तर कॉलेज मुलींसाठी सातत्याने संधी वाढवत आलंय का? तेही नसेल, तर खेळू इच्छिणाऱ्या, खेळू शकणाऱ्या मुलींची पुरती सोय झाली आहे का? चांगला चालता संघ बंद करणाऱ्याने शेवटच्या दोन कसोट्या कुठल्या तोंडाने सांगाव्यात? उरते पहिली. तिचे आकडे कॉलेजला दरवर्षी जाहीर करावे लागतात. ते ई-मेलने माग, लेखी. मग मैदानावर जाऊन डोकी मोज. क्रॉस-कंट्री, इनडोअर आणि आउटडोअर ट्रॅक धावणारी एकच मुलगी त्या आकड्यांत तीनदा येते. मुलींना सराव देणारी मुलंसुद्धा मुलींच्या रकान्यात बसतात.

अगं, १९७२ च्या त्या कायद्याच्या ३७ इंग्रजी शब्दांत खेळाचं नावही नाही. जे मिळालं ते कुणीतरी लिहून मागितलं म्हणून. येल विद्यापीठाच्या रोइंग संघातल्या मुली थंडीत ओल्या अंगाने बसमध्ये थांबायच्या, कारण शॉवर फक्त मुलांना. मार्च १९७६ मध्ये १९ जणी अधिकाऱ्याच्या खोलीत गेल्या, कपडे उतरवले. अंगावर 'टायटल नाइन' लिहिलेलं होतं. पण त्यांच्यातल्या ख्रिस अर्नस्टच्या हातात कागद होता. तिने लिहून आणलेलं निवेदन वाचून दाखवलं.

माझ्या हातात कागद नव्हता. एका छोट्या कॉलेजात मी मुलींच्या टेनिसची सहायक कोच होते. मुलांनी वापरून टक्कल पडलेले चेंडू टोपलीतून आमच्याकडे यायचे. नेट सुटलं की मी बुटाच्या नाडीने बांधायचे. दर महिन्याला ऑफिसात जाऊन गोडीगुलाबीने सांगायचे, आणि "पुढच्या वर्षी नक्की" ऐकून परत यायचे. १९९८ मध्ये टीमच बंद झाली. वकीलबाईंचा पहिला प्रश्न: "तुम्ही मागितल्याचा काही कागद?" शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयात तक्रारीला १८० दिवस असतात. ते मी विनवण्यांत घालवले होते.

माझा व्हिसा त्याच कॉलेजवर अवलंबून होता, घरी दोन वर्षांचं मूल होतं. तक्रार केली म्हणून कोचला काढलं तर तोही याच कायद्याचा भंग, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं २००५ मध्ये. ते तेव्हाच ठरलेलं असतं तर! हे सगळं खरं आहे. तरी एका पानाच्या पत्राने माझा व्हिसा गेला नसता. टीममधल्या मुलीने शेवटच्या दिवशी विचारलं, "कोच, तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना?" मी हो म्हणाले. दाखवायला काही नव्हतं.

तुला तर व्हिसाचीही भीती नाही. स्कॉलरशिप जाईल म्हणून आई घाबरते आहे, तिच्याशी मी बोलते. तक्रारीबद्दल सूड उगवणं बेकायदेशीर आहे, हे तिलाही कळू दे. कुस्तीच्या टीममधल्या मित्रांवर चिडू नकोस. त्यांची टीम कायद्याने नाही, कॉलेजने बंद केली. त्यांनाही लेखी कारण मागायला सांग.

घोषणा कुठल्या तारखेला झाली ते कॅलेंडरवर लिही आणि तिथून १८० मोज. पत्राचा मसुदा आज रात्री मला पाठव, कितीही उशीर झाला तरी मी जागी आहे. वर तारीख घाल. आणि डायरेक्टर म्हणाले "या, बसून बोलू", तर जा, ऐक, आणि घरी येऊन त्याच संध्याकाळी ते काय म्हणाले ते त्यांनाच ई-मेलने कळव.

तुझी मावशी