आवाज तांबटाचा, पण तांबट कुठे?

प्रश्न : फाल्गुनातल्या एका रविवारी मी आणि माझी मैत्रीण पुण्याच्या वेताळ टेकडीवर पक्षी पाहायला गेलो होतो. सकाळभर ‘टुक-टुक’ असा एकसुरी आवाज कानावर येत होता, परंतु पक्षी काही केल्या दिसेना. तांबट असेल, मोबाइलवर त्याचा आवाज लावून पाहू, असे मैत्रिणीने सुचवले. असे करणे योग्य आहे का? शिवाय पायथ्याच्या पांगाऱ्यावर दिसलेला, बाकदार चोचीचा इवलासा काळा पक्षी कोणता असावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या मैत्रिणीचा अंदाज बरोबर आहे, तो तांबटच. चिमणीहून जरासा मोठा असणारा हा हिरवा पक्षी चोच मिटलेली ठेवून, गळा फुगवून आवाज काढतो आणि त्याच वेळी डोके इकडेतिकडे फिरवत राहतो, त्यामुळे एकाच जागी बसलेला असूनही त्याचा आवाज कधी डावीकडून, तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. अशा वेळी सोबतीचा खरा उपयोग होतो. दोघींनी वीस-पंचवीस पावलांचे अंतर ठेवून उभे राहावे, आवाजाच्या दिशेने एकाच वेळी बोट दाखवावे आणि त्या दोन दिशा जिथे मिळतील तिथल्या झाडाचे वरचे, निष्पर्ण शेंडे दुर्बिणीतून तपासावेत. दाट पालवीत शोधत बसू नये, कारण सकाळचे ऊन अंगावर घ्यायला तांबट बहुधा उघड्या फांदीवर येतो. कपाळावरचा व छातीवरचा लाल रंग आणि पिवळा गळा दिसला, की ओळखीविषयी शंका उरत नाही.

मोबाइलवर आवाज लावणे मात्र टाळावे. हा त्यांच्या विणीचा काळ आहे. वाळक्या फांदीत गोल भोक कोरण्यात किंवा पिले भरवण्यात गुंतलेला पक्षी तो आवाज ऐकून, प्रत्यक्षात नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकवायला धावतो आणि घरट्याकडे त्याचे दुर्लक्ष होते. आपल्या यादीत एका नावाची भर पडावी म्हणून एवढा उपद्व्याप कशाला?

पांगाऱ्यावरचा पक्षी बहुधा जांभळ्या शिंजिराचा नर असावा. सावलीत तो काळाकुट्ट दिसतो, पण उन्हात येताच त्याच्या अंगावर निळी-जांभळी झळाळी उमटते. वीण आटोपल्यावर त्याचा हा पेहराव उतरतो, तो पिवळसर मादीसारखा दिसू लागतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टी तेवढी राहते. या रूपातल्या नराची नोंद अनेक जण वेगळी जात समजून करतात.

पुढच्या खेपेस टेकडी चढण्याची घाई न करता तासभर त्या पांगाऱ्यापाशीच थांबावे, असे मी सुचवेन. फुललेल्या पांगाऱ्यावर मधासाठी बुलबुल, साळुंक्या आणि काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या भोरड्याही येतात. भोरड्या आपल्याकडच्या हिवाळी पाहुण्या असून एप्रिलअखेरपर्यंत त्यांतील बहुतेक मध्य आशियाच्या वाटेला लागतात, तेव्हा ही खेप फार लांबवू नये.