चिप चांगली, पण गिऱ्हाईक कोण?

प्रश्न : मी सांगलीचा, दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो. मेलबर्नला असलेला भाचा ‘ब्रेनचिप’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप बनवणाऱ्या, ऑस्ट्रेलियन शेअर बाजारातल्या छोट्या कंपनीचे शेअर घ्यायला सुचवतो आहे. या चिपमधली बडी कंपनी एनव्हिडिया आता महाग झाली, हा शेअर मात्र सेंटांमध्ये मिळतो, असे तो म्हणतो. चार लाख रुपये गुंतवावेत का? – एक वाचक

उत्तर : कंपनी बनावट नाही. ‘अकिडा’ ही तिची चिप मेंदूतील पेशींच्या कामावरून बेतलेली असून ती अत्यल्प विजेवर, इंटरनेटशिवाय, उपकरणातच काम करते. जानेवारी 2022 मध्ये मर्सिडीज-बेंझने आपल्या प्रायोगिक गाडीत ‘हे मर्सिडीज’ ही हाक ओळखण्यासाठी ती वापरल्याचे जाहीर केले आणि त्याच महिन्यात शेअर दोन ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेला. पण प्रायोगिक गाडीवर चिपची विक्री उभी राहत नाही. 2023 सालचे कंपनीचे उत्पन्न अडीच लाख अमेरिकी डॉलरांच्याही आत होते, आणि वर्षअखेरीस शेअर वीस सेंटांच्या खाली होता. म्हणजे शिखरावर घेणाऱ्यांचे रुपयातले नव्वद पैसे गेले. हा भावसुद्धा स्वस्त म्हणता येत नव्हता, कारण दीडशे कोटींहून अधिक शेअरांनी तो गुणला की कंपनीची किंमत कोट्यवधी डॉलरांत जात होती.

ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या ग्राफकोअर या अशाच चिप-कंपनीचे उदाहरणही पाहावे. 2020 च्या अखेरीस तिचे मूल्यांकन सुमारे 277 कोटी डॉलर होते. 2022 मध्ये तिची वर्षभराची विक्री जेमतेम 27 लाख डॉलर झाली, आणि 2024 मध्ये ती जपानच्या सॉफ्टबँक या गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. तिची चिप निकामी नव्हती. परंतु एनव्हिडियाच्या चिपसाठी प्रोग्राम लिहिण्याची ‘कुडा’ ही प्रणाली 2007 पासून प्रोग्रामरांच्या हातात बसलेली आहे, आणि तिच्यावर आधी लिहिलेले सगळे नव्या चिपसाठी बदलायला ग्राहक सहसा तयार होत नाही.

म्हणून भाच्याला चिप किती वेगवान आहे हे न विचारता कंपनीचा ताजा ‘अपेंडिक्स 4सी’ मागवून घ्यावा. तोट्यातील अशा कंपन्यांना ऑस्ट्रेलियन शेअर बाजारात दर तिमाहीला हा रोखीचा तक्ता द्यावा लागतो. त्याची पहिलीच ओळ ग्राहकांकडून प्रत्यक्ष आलेल्या पैशाची असते, तर आठव्या भागात उरलेली रोकड किती तिमाही पुरेल हे लिहिलेले असते. आपण बँकेत होतात, हा कागद आपल्याला भाच्यापेक्षा लवकर कळेल. रोकड आटली की कंपनी नवे शेअर विकते, आणि जुन्या भागधारकाचा वाटा तेवढा पातळ होतो. चार तिमाहींत पहिल्या ओळीतला आकडा वाढताना दिसला, तरीही पंचवीस हजारांच्या वर जाऊ नये. चार लाख तर मुळीच नकोत.

परवानगी आणि करापुरते सांगायचे तर, परदेशी पैसे पाठवण्यासाठी असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे परवानगीची अडचण नाही. मात्र एकही परदेशी शेअर नावावर असला, तर निवृत्तिवेतनासाठी भरता तो ‘सहज’ फॉर्म चालणार नाही. आयटीआर-2 भरून त्यातील परदेशी मालमत्तेच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये त्याची नोंद करावी लागेल, मग शेअर तोट्यात असला तरी.