तीनशे पेशी की तीन उंदीर?

प्रिय तरुण संशोधक,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. गणित, लेखन अध्यापन, सामुदायिक आरोग्य आणि पेशीजीवशास्त्र या चारही विषयांची ओढ वाटते आणि एकही सोडवत नाही, असं तू लिहिलंस. आधी एक काहीतरी धर, असं सगळे सांगतात, आणि त्यांचं चुकत नाही. पण विषय ठरवण्याआधी एका प्रश्नाची सवय लावून घे, कारण तो चारही ठिकाणी आडवा येतो: आपण नेमकं काय पाहिलं, आणि किती वेळा?

गणितात हा प्रश्न सर्वांत कठोरपणे विचारला जातो. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९१९ मध्ये एक अटकळ मांडली. एखादी संख्या घे आणि तिचे मूळ अवयव मोज. १२ म्हणजे २ × २ × ३, म्हणून तीन, विषम. पोल्यांचं म्हणणं असं, की १ पासून २ किंवा त्यापुढच्या कुठल्याही संख्येपर्यंत मोजत गेलं, तर विषम अवयव असलेल्या संख्या निम्म्याहून कमी कधीच भरणार नाहीत. शंभरपर्यंत पडताळून पाहा, खरं निघतं. दहा लाखांपर्यंत पाहा, तरी खरं. १९५८ मध्ये हेझलग्रोव्ह यांनी अटकळ खोटी असल्याचं सिद्ध केलं, आणि ती पहिल्यांदा कुठे मोडते ते १९८० मध्ये सापडलं: ९०,६१,५०,२५७. नव्वद कोटींच्या पुढे जाईपर्यंत एकही अपवाद नाही! उदाहरणांच्या राशीवर विसंबायची सवय असेल, तर हा आकडा डोळ्यांसमोर ठेव.

याउलट गणिती कापरेकरांचा ६१७४ घे. चारही अंक सारखे नाहीत अशी चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. कुठूनही निघालं तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचतो. इथे मात्र तपासणं हीच सिद्धता आहे, कारण चार अंकी संख्या दहा हजारांच्या आत संपतात आणि सगळ्या तपासता येतात. म्हणजे "पडताळून पाहिलं" या एकाच वाक्याची किंमत, पडताळायचं एकूण किती होतं यावर ठरते.

आता प्रयोगशाळेत ये. औषध दिलेले तीन उंदीर, न दिलेले तीन. प्रत्येकातून १०० पेशी मोजल्या. संशोधनाच्या पेपरमध्ये काय लिहायचं, प्रत्येक गटात ३०० की ३? औषध उंदराला दिलंय, पेशीला नाही. एकाच उंदराच्या शंभर पेशींना एकच रक्त, एकच वय, एकच आजारपण मिळालेलं असतं. त्या एकमेकींची री ओढतात. उत्तर ३ आहे. ३०० लिहिलं की फरक एकदम ठसठशीत दिसायला लागतो आणि माणूस खूश होतो. ही चूक छापून आलेल्या पेपरांतही सर्रास सापडते. एकाच फ्लास्कमधल्या पेशी एकाच दिवशी तीन खणांत वाटल्या, तर तेही तीन स्वतंत्र प्रयोग होत नाहीत.

हाच घोटाळा वर्गात होतो. लेखन शिकवण्याची नवी पद्धत एका वर्गात वापरली, शेजारच्या वर्गात जुनीच ठेवली. प्रत्येक वर्गात ४० मुलं, एकूण ८०. पण एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाकडे, एकाच वेळापत्रकात, एकमेकांच्या वह्या बघत शिकतात. त्यांच्यातलं हे साम्य आकड्यात मांडता येतं. ० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे पूर्ण साम्य. ते ०.२ धरलं, आणि प्रत्येक मुलाचे वर्गसोबती ३९, तर १ + ३९ × ०.२ = ८.८, ८० ला त्याने भागलं की उरतात जेमतेम ९. ऐंशी मुलांच्या निबंधांत नऊ मुलांइतकीच माहिती! शिवाय प्रत्येक पद्धतीला एकच वर्ग असेल, तर पद्धतीचा परिणाम कुठला आणि शिक्षकाचा कुठला, हे कुठल्याच सूत्राने वेगळं करता येत नाही. गणिताची आवड असेल तर हे सूत्र स्वतः मांडून बघ. अर्ध्या पानात बसतं, आणि तीन विषयांत जन्मभर उपयोगी पडतं.

सामुदायिक आरोग्यात हे फार नेटकेपणाने केलेलं काम बघायचं असेल, तर अभय आणि राणी बंग यांचा गडचिरोलीचा नवजात बाळांवरचा १९९९ चा अभ्यास वाच. त्यांनी ३९ गावं एका बाजूला आणि ४७ गावं तुलनेला घेतली. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी तुलनेतल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. ही मर्यादा ध्यानात ठेवून वाच. पण अशा कामात मोजमापाचं एकक गाव असतं, हे तिथे स्पष्ट दिसतं.

किती मोजलं याइतकंच, कोणी मोजलं हेही महत्त्वाचं. १९६१ मध्ये डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध वेगवेगळ्या व्यवसायांतल्या ५३ वाचकांना दिले आणि १ ते ९ पैकी गुण द्यायला सांगितले. १०१ निबंधांना १ पासून ९ पर्यंत सगळे गुण मिळाले. एकाही निबंधाला पाचपेक्षा कमी वेगवेगळे गुण नव्हते. "माझ्या पद्धतीने मुलांचं लेखन सुधारलं" हे वाक्य लिहिण्याआधी या प्रयोगावर थोडा विचार कर. सुधारलं ते लेखन, की वाचणाऱ्याची नजर? उपाय कष्टाचा आहे, पण साधा आहे. आधीचे आणि नंतरचे निबंध टाइप करून घे, नावं आणि तारखा काढून टाक, सगळे एकत्र मिसळ. दोन परीक्षकांना आधी थोडे निबंध एकत्र बसून तपासू दे, कशाला किती गुण यावर भांडू दे, आणि मग बाकीचे स्वतंत्रपणे तपासू दे. त्यांचं किती जुळलं तो आकडा निकालाबरोबर छाप, तो लाजिरवाणा असला तरी.

पेशी तरी डोळ्यांना स्पष्ट दिसतात, असं वाटेल. १९२३ मध्ये पेंटर यांनी माणसाची गुणसूत्रं ४८ सांगितली आणि तीन दशकांहून जास्त काळ जगभर ४८ च मोजली गेली. १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी स्वीडनमध्ये पेशी कमी क्षाराच्या द्रावात फुगवल्या, काचेवर दाबून सपाट केल्या. गुणसूत्रं एकमेकांवर चढायची थांबली आणि मोजणी ४६ वर आली. तंत्र सुधारलं म्हणून हे जमलं, हे खरंच. पण त्यांच्या पेपरातला एक उल्लेख मला फार बोलका वाटतो. आदल्या वर्षी त्यांच्या परिचयातल्या काही संशोधकांनाही स्लाइडवर वारंवार ४६ च दिसत होती. राहिलेली दोन सापडेनात म्हणून त्यांनी काम बाजूला ठेवलं होतं! म्हणून स्लाइडची लेबलं दुसऱ्याकडून झाकून घे, अपेक्षित आकडा माहीत नसलेल्या कुणाकडून मोजून घे, आणि आपल्या फ्लास्कमध्ये त्याच पेशी आहेत ना, याची डीएनए चाचणी करून घे. १९६६ मध्ये गार्टलर यांनी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशी प्रत्यक्षात हेला पेशीच, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या आणि प्रयोगशाळांत सतत वाढवल्या जाणाऱ्या पेशीच होत्या.

आणि जे मोजणीतच आले नाहीत, त्यांचं काय? राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्क्यांची. दवाखान्याच्या रजिस्टरवरून कितीही उत्तम आकडेमोड केली असती, तरी हे दिसलं नसतं. सामुदायिक आरोग्याकडे वळायचं असेल तर आधी दारोदार जा, ऐकून घे, आणि निघालेले निष्कर्ष त्याच लोकांना त्यांच्या भाषेत परत सांग. माझ्या मते हे सोडून केलेलं काम अर्धवट आहे.

आकड्यांवर इतकं बोललो म्हणून लहान अभ्यासांना कमी लेखू नकोस. जॅनेट एमिग यांनी १९७१ मध्ये अवघ्या आठ विद्यार्थ्यांना लिहिता लिहिता मोठ्याने विचार करायला लावलं, आणि लेखन पाठ्यपुस्तकातल्या क्रमाने होत नाही हे दाखवलं. मिना शॉनेसी यांनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० प्रवेशनिबंध वाचले आणि चुकांच्या मागे मुलांचं स्वतःचं तर्कशास्त्र असतं, हे मांडलं. "कसं घडतं" विचारायचं असेल तर आठ पुरतात. "किती जणांत घडतं" विचारायचं असेल तर नाही.

राहिला निवडीचा प्रश्न. चार विषय एकत्र करायचा संकल्प सोडून दे. एक प्रश्न धर आणि त्याला जे लागेल ते शीक. लुरिया जीवशास्त्रातले, डेल्ब्रुक भौतिकशास्त्रातले. जिवाणूंना विषाणूशी लढायची शक्ती विषाणू भेटल्यावर येते की आधीच आलेली असते, हा त्यांचा प्रश्न. १९४३ मध्ये त्यांनी बऱ्याच नळ्यांत जिवाणू वेगवेगळे वाढवले, मग त्यांची विषाणूंशी गाठ घालून दिली आणि किती जगले ते मोजलं. भेटल्यावर येत असेल, तर सगळ्या नळ्यांत जगणाऱ्यांची संख्या साधारण सारखी हवी. प्रत्यक्षात काही नळ्यांत कुणीच नाही आणि एखाद्या नळीत झुंबड. म्हणजे बदल आधीच झालेला होता, कुठे लवकर, कुठे उशिरा. सरासरीत जे सापडलं नसतं, ते विखुरण्यात सापडलं.

आणि स्वभावही बघ. गणितात महिनोन्‌महिने हाती काही लागत नाही. पेशींना सुट्टीच्या दिवशीही खाऊ घालावं लागतं. गावातला विश्वास वर्षांनी मिळतो. वर्गात एखादं सत्र हुकलं की पुढच्या सत्राची वाट बघावी लागते. यातला कुठला जाच तुला झेपेल, त्याचा प्रामाणिकपणे विचार कर.

आता एक काम. एका पानावर लिहून पाठव: प्रश्न काय, एकक कोणतं, अशी स्वतंत्र एककं किती, मोजणार कोण, आणि काय दिसलं तर तुझं म्हणणं खोटं ठरेल. तिसऱ्या मुद्द्यावर अडशीलच. तेव्हा संख्याशास्त्र जाणणाऱ्या कुणाला तरी गाठ, आणि डेटा गोळा करण्याआधीच गाठ.

कळावे,

तुझा हितचिंतक