रविवारची सकाळ माझी म्हणू का?

प्रश्न: ताई, मी ५७ वर्षांची, सांगलीची. मे महिन्यात आम्ही दोघं टूरबरोबर युरोपला चाललो आहोत. व्हिएन्नात रविवारची सकाळ मोकळी आहे, बस दोनला सुटणार. ह्यांना त्या दिवशी झोप काढायची आहे. मला म्हणतात, 'भाषा येत नाही, एकटी कुठे भटकतेस, हॉटेलवरच थांब.' लग्नाआधी मी गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या, पुढे सगळं सुटलं. हॉटेलात एकटी कधी बसले नाही. ते शहर संगीताचं, म्हणून जीव अडकलाय. हे झोपलेले असताना गुपचूप जाऊन येऊ का? की हा माझा आपमतलबीपणा झाला?

उत्तर: जरूर जा. यात आपमतलबीपणा कसला? पण गुपचूप मात्र जाऊ नका. तुमच्या यजमानांना जाग आली आणि तुम्ही खोलीत नाही असं झालं, तर परक्या गावात त्यांच्या जिवाचं पाणी होईल. तुमचंही अर्धं लक्ष फोनकडे राहील.

शनिवारी रात्री जेवताना सांगून टाका, 'मी नऊला निघते, दीडपर्यंत परत येते.' 'जाऊ का?' असं विचारू नका. तुम्ही विचारत आलात आणि ते 'नको' म्हणत आले, असंच तुमच्या पत्रातून दिसतं. त्यांच्या 'नको'त काळजी आहे हे मला मान्य आहे, तर त्या काळजीची सोय करा. लाइव्ह लोकेशन चालू ठेवा, हॉटेलचं कार्ड पर्समध्ये ठेवा, मेट्रोचं स्टेशन आदल्या दिवशी दोघांनी मिळून बघून या. तिथल्या स्टेशनांवर गेट नसतात, तरी तिकीट आठवणीने काढा, तपासनीस येतात.

आता जायचं कुठे? सगळं शहर बघायला निघू नका. राजवाडा, म्युझियम, सेंट स्टीफनचं कॅथीड्रल हे टूरवाले दाखवतीलच. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे खरेदीचाही प्रश्न नाही. तुम्ही थेट हॉफबुर्ग राजवाड्याला लागून असलेल्या ऑगुस्टिनरकिर्शे या चर्चमध्ये जा. चौदाव्या शतकातली वास्तू आहे. ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योसेफ आणि एलिझाबेथ यांचं लग्न १८५४ साली इथेच लागलं, पण तुम्हाला तिथे पाठवतेय ते गाण्यासाठी. रविवारी अकराला मोठी प्रार्थना असते आणि बहुतेक रविवारी तीत हायडन, मोझार्ट, शुबर्ट या संगीतकारांपैकी कुणाचा तरी 'मास', म्हणजे प्रार्थनेसाठी रचलेलं संगीत, पूर्ण वाद्यवृंद आणि गायकवृंदासह होतो. ब्रुकनर या संगीतकाराचा एफ मायनर या स्वरपट्टीतला मास तर १८७२ मध्ये पहिल्यांदा याच छताखाली गायला गेला. तिकीट नाही, दानपेटीत मनाला येईल ते टाकायचं. त्या दिवशी काय आहे ते चर्चच्या वेबसाइटवर आधी बघून घ्या.

मैफल समजून जाऊ नका, ती पूजा आहे. पावणेअकराला पोहोचा, मागच्या बाकावर बसा, सगळे उठतील तेव्हा उठा, फोटो काढू नका. प्रसाद घ्यायला रांग लागते तेव्हा जागेवरच बसून राहिलात तरी कुणाला गैर वाटत नाही. आपल्याकडे सूर एकट्या गळ्यातून उलगडत जातो. तिथे चार प्रकारचे आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या वाटांनी चालतात. सुरुवातीला कान गोंधळेल. मग एकच आवाज धरा, सगळ्यात खालचा, आणि त्याच्यामागे जात राहा. तुम्ही परीक्षा दिलेल्या आहात, तुम्हाला ते जमेल.

त्याआधी तासभर कॉफीहाउसमध्ये बसा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण 'हॉटेलात एकटी कधी बसले नाही' असंही तुम्ही लिहिलंय. व्हिएन्नात बाई एकटी कॉफी पीत बसली तर कुणी वळूनही बघत नाही. 'मेलांज' मागा. दुधाच्या फेसाची कॉफी छोट्या धातूच्या ट्रेमधून येते, शेजारी पाण्याचा ग्लास, आणि जुन्या ठिकाणी त्या ग्लासावर चमचा पालथा ठेवलेला असतो. एका कपावर कितीही वेळ बसा, कुणी उठवत नाही आणि मागितल्याशिवाय बिलही आणत नाहीत. निघताना 'त्सालेन, बिटे' म्हणा, म्हणजे 'बिल द्या'. एवढं जर्मन पुरतं.

बाराच्या ठोक्याला होहर मार्क्टमधल्या घड्याळावर बारा पुतळ्यांची मिरवणूक निघते. मैत्रिणी ती बघायला सांगतील. प्रार्थना तोवर संपलेली नसते, दोन्ही जमणार नाही. घड्याळ सोडा.

आणि ऐनवेळी यजमान म्हणाले, 'थांब, मीही येतो,' तर आनंदाने न्या. फक्त शेवटपर्यंत बसायचं आहे, हे त्यांना आधीच सांगा. कंटाळा आला तर शेजारीच बुर्गगार्टेन बाग आहे, मोझार्टच्या पुतळ्याजवळ बाकं आहेत, तिथे त्यांना बसू दे.