इंदिरा जयसिंग यांनी बायकांसाठी कोर्टात नेमकं काय केलं?

लोक टीव्हीवरचे वाद बघून विचारतात, पण बाईंचं खरं काम त्याच्या खूप आधीचं आहे. मूळच्या मुंबईच्या वकील, आणि १९८६ मध्ये बॉम्बे हायकोर्टाने सीनियर ॲडव्होकेट (ज्येष्ठ वकील हा मान) केलेल्या पहिल्या महिला. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात मेरी रॉय केस जिंकली, त्यामुळे केरळमधल्या सिरियन ख्रिश्चन मुलींना वडिलांच्या प्रॉपर्टीत भावाइतका वाटा मिळायला लागला.

माझ्या मते बाईंनी लढवलेली सगळ्यात भारी केस म्हणजे लेखिका गीता हरिहरन यांची. त्यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेच्या बाँडसाठी अर्ज केला तर बँक म्हणे वडिलांची सही आणा, म्हणजे आई आहे, समोर उभी आहे, पण कायद्याने पालक बापच आणि तो जाईपर्यंत आईचा नंबरच नाही!! १९९९ मध्ये कोर्टाने सांगितलं की बाप हयात असला तरी तो मुलाकडे बघत नसेल किंवा तसं दोघांचं ठरलं असेल तर आईच पालक. पूर्ण बरोबरी अजून नाही, पण दार उघडलं.

आणि हो, २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, त्याचा मसुदा तयार करण्यात त्यांच्या लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेचा मोठा हात होता. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला मनमानीने बाहेर काढता येत नाही, हे त्यातूनच आलं. २००९ मध्ये त्या ॲडिशनल सॉलिसिटर जनरल, म्हणजे कोर्टात केंद्र सरकारची बाजू मांडणाऱ्या वकील पण झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला.