भाचा अमेरिकेत शनिवारच्या लोकल स्टॉक कार (साध्या मोटारीसारखी दिसणारी रेसची गाडी) रेसमध्ये उतरायचं म्हणतोय. जिवाला कितपत धोका असतो?

धोका असतो, पण व्हिडिओ बघून आपण ज्याला घाबरतो तो बहुतेक वेळा नसतो. मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. शेजारी जवळच्या एका ट्रॅकवर रेस करतो आणि मी टायर उचलायला, पाने द्यायला जातो. मेकॅनिक नाही, हमालच म्हणा.

कोलांट्या खाणारी गाडी बघून काळजाचा ठोका चुकतो. पण प्रत्येक कोलांटीत पत्रा चेपतो, चाकं उडतात, वेग थोडा थोडा जिरतो. आत रोल केज, म्हणजे ड्रायव्हरभोवतीचा नळ्यांचा पिंजरा, शाबूत असेल तर माणूस बहुधा चालत बाहेर येतो. खरी भीती भिंतीची. तिथे सगळा वेग क्षणात संपतो. सीटच्या पट्ट्यांनी छाती जागीच धरलेली असते, डोकं मात्र हेल्मेटच्या वजनासकट पुढे जातं आणि कवटीच्या तळाचं हाड मोडतं. 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोना 500 या मोठ्या रेसच्या शेवटच्या लॅपमध्ये नावाजलेला रेसर डेल अर्नहार्ट असाच गेला. टीव्हीवर तो अपघात फार मोठा वाटलाही नव्हता.

वाईट याचं वाटतं की उपाय तेव्हा बाजारात होता. रॉबर्ट हबर्ड हे मिशिगनमधले प्राध्यापक आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग, यांनी 1980 च्या दशकातच हान्स बनवलं होतं: खांद्यावर बसणारी कॉलर, वरून पट्टे, आणि हेल्मेटला बांधलेल्या दोन दोऱ्या. अवघडल्यासारखं होतं म्हणून बरेच जण ते घालत नसत. स्टॉक कार रेस भरवणारी मुख्य संस्था नॅसकारने ऑक्टोबर 2001 मध्ये मान धरणारं साधन सक्तीचं केलं, 2002 पासून मोठ्या ट्रॅकवर धक्का पिणाऱ्या सेफर भिंती येऊ लागल्या. अर्नहार्टनंतर नॅसकारच्या वरच्या तीन मालिकांमध्ये रेसमध्ये कुणी ड्रायव्हर दगावलेला नाही.

लोकल ट्रॅकवर मात्र बऱ्याच ठिकाणी नुसतं काँक्रीट असतं, आणि गाडी तिसऱ्या-चौथ्या हातची. आमच्या शेजाऱ्याने नवं इंजिन घातलं, कौतुकाने दाखवलं. मी सहज पट्ट्याचा टॅग बघितला. एसएफआय या रेसिंगच्या सुरक्षा साधनांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचा शिक्का असलेले नेहमीचे पट्टे दोन वर्षांत बदलायचे असतात. याचे पाच वर्षांचे! "अरे, घट्ट बसतात की," म्हणाला. ऊन आणि घाम खाऊन धागा कमजोर होतो, ते हाताला कळत नाही. शेवटी त्याच्या बायकोने पट्टे मागवले.

म्हणून भाच्याला इंजिनाचं काही विचारू नका. पट्ट्यांची तारीख विचारा. मान धरणारं साधन आहे का, सीट दोन्ही बाजूंनी डोकं धरते का, हेल्मेटवर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा एसए (मोटार रेसिंगचा) शिक्का आहे का ते विचारा. मोटरसायकलच्या हेल्मेटवर एम असतो, त्याची आगीची चाचणी झालेली नसते.

आणि अपघात झाला की, आग लागली नसेल तर, गाडीतून उतरायचं नाही. 2014 मध्ये न्यूयॉर्क राज्यात केविन वॉर्ड ज्युनियर हा विशीतला मुलगा धडकेत सहीसलामत वाचला, रागाने ट्रॅकवर चालत गेला आणि दुसऱ्या गाडीखाली आला. ती स्प्रिंट कार, म्हणजे उघड्या चाकांच्या छोट्या गाड्यांची रेस होती, पण नियम तोच. बसून राहायचं, खिडकीची जाळी खाली टाकायची. जाळी पडली की पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकजवळच्या दुरुस्तीच्या जागेत, आम्हाला कळतं, शुद्धीवर आहे.