तीन स्वरांची जॅझ कॉर्ड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मला गिटारच्या सहाही तारांवर बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवे दाबून धरलेली कॉर्ड) वाजवायची सवय आहे. जॅझच्या गाण्यांत दर दोन बीटला कॉर्ड बदलते आणि हात मागे पडतो. तीनच स्वर घेतले तर कॉर्ड अर्धवट वाटणार नाही का?

वाटणार नाही, फक्त ते तीन स्वर नेमके हवेत : मूळ (ज्याच्या नावाने कॉर्ड ओळखली जाते तो), आणि त्याच्यापासून मोजत गेल्यावर येणारे तिसरा आणि सातवा. कॉर्ड मेजर की मायनर हे तिसरा स्वर सांगतो. ती विसावलेली आहे की पुढच्या कॉर्डकडे ओढ घेते आहे, हे तिसरा आणि सातवा मिळून सांगतात. शुद्ध पाचवा यात नवीन काही सांगत नाही. मूळ स्वराची तार छेडली की तिच्या उपस्वरांत (मुख्य स्वरासोबत हलके उमटणाऱ्या वरच्या स्वरांत) तो आधीच असतो. तो निःशंक गाळा.

मूळ स्वर सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर असेल तर सहावी, चौथी आणि तिसरी तार वाजवायची. पाचव्या तारेवर असेल तर पाचवी, चौथी, तिसरी. सी मेजरमधली कॉर्डची नेहमीची चाल अशी :

डी मायनर सेवन : पाचवी तार ५ वा फ्रेट, चौथी ३, तिसरी ५
जी सेवन : सहावी ३, चौथी ३, तिसरी ४
सी मेजर सेवन : पाचवी ३, चौथी २, तिसरी ४

आता खालचा मूळ स्वर सोडा आणि फक्त चौथी-तिसरी तार वाजवत जा. पहिल्या बदलात चौथ्या तारेवरचा एफ जागेवरच राहतो, तिसऱ्या तारेवरचा सी एक फ्रेट उतरून बी होतो. दुसऱ्या बदलात बी थांबतो आणि एफ उतरून ई होतो. एका वेळी एकच स्वर हलतो, तोही एकच फ्रेट. जॅझच्या साथीतला गोडवा बराचसा इथेच आहे, त्यामुळे नवीन कॉर्ड पाठ करण्याआधी हे बदल कानात बसू द्या.

जी मधला ब्लूज तर याहून सोपा. जी सेवनमधली चौथी ३, तिसरी ४ ही जोडी एक फ्रेट खाली सरकवा आणि मूळ स्वर पाचव्या तारेच्या ३ ऱ्या फ्रेटवर घ्या : सी सेवन. तीच जोडी जी सेवनच्या जागेवरून एक फ्रेट वर, मूळ पाचव्या तारेच्या ५ व्या फ्रेटवर : डी सेवन. ब्लूज या तीन कॉर्डवरच चालतो, म्हणजे अख्खा ब्लूज झाला.

प्रश्न : सहाव्या तारेवरच्या कॉर्डमध्ये पाचवी तार मध्येच वाजते. ती टाळून स्ट्रम कसे करायचे?

टाळू नका, बंद करा. सहावी तार दाबणारे बोट थोडे आडवे झुकवा, म्हणजे त्याचे टोक पाचव्या तारेला नुसते टेकेल. जी सेवनला पहिले बोट सहाव्या तारेवर, दुसरे चौथीवर, तिसरे तिसऱ्या तारेवर येते. याच बोटांची आतली बाजू पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर सैल पडू द्या. मग पिक सहाही तारांवरून फिरला तरी तीनच स्वर येतात. बोट अगदी उभे ठेवले तर पाचवी तार वाजणारच.

प्रश्न : चारही बीट वाजवतो, पण स्विंग (जॅझची झुलती लय) येत नाही. सगळे एकसारखे घुमते.

स्वर फार वेळ धरला जातो आहे. स्ट्रम झाल्यावर डाव्या हाताचा दाब काढा, पण बोटे तारांवरून उचलू नका. उचलली तर मोकळ्या तारा वाजतात. दुसऱ्या आणि चौथ्या बीटला किंचित जोर द्या. मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि त्याचा ठोका दुसरा-चौथा बीट समजा. प्रत्यक्ष लय १२० होते. गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये काउंट बेसी यांच्या जॅझ वाद्यवृंदात आले. मोठ्या ताफ्यामागे त्यांची चार बीटची साथ मोजक्याच स्वरांत चालायची. ती ऐकताना गिटार वेगळी शोधू नका, ड्रम आणि बेसबरोबर ऐका.

प्रश्न : आमच्या गटात बेसवादक आहे. माझा मूळ स्वर त्याच्याशी भिडतो.

मग तो त्यालाच द्या. सहाव्या तारेच्या पहिल्या चार-पाच फ्रेटवर तर हे फारच जाणवते, कारण तिथे तुम्ही दोघे एकाच पट्ट्यात असता. मूळ सोडल्याने मोकळी झालेली जागा दुसऱ्या तारेवरच्या एखाद्या स्वराला द्या. वरच्याच चालीत चौथी-तिसरी तार तशीच राहते. दुसऱ्या तारेवर डी मायनरला ५ वा फ्रेट, जी सेवनला ४ था, सी मेजरला ३ रा. वरून ई, ई फ्लॅट, डी अशी उतरती ओळ मिळते. गायकाच्या सुरात त्या वेळी शुद्ध ई असेल तर जी सेवनलाही ५ वाच फ्रेट धरा, नाहीतर दोन्ही स्वर एकमेकांना घासतात.

प्रश्न : मायनर सेवन आणि मायनर सेवन फ्लॅट फाइव्ह यांचे तीन स्वर सारखेच येतात. मग फरक कसा दाखवायचा?

मूळ, तिसरा, सातवा घेतले तर फरक दिसतच नाही. फ्लॅट फाइव्ह म्हणजे पाचवा स्वर एक फ्रेट उतरवलेला, आणि फरक तिथेच आहे, म्हणून पाचवा गाळायचा नियम इथे चालत नाही. बेस सोबत असेल तर मूळ सोडा. डी मायनर सेवन फ्लॅट फाइव्हसाठी चौथी तार ६, तिसरी ५, दुसरी ६ : ए फ्लॅट, सी, एफ. एकटे वाजवत असाल आणि सुरावटीत ए फ्लॅट आधीच असेल, तर साधी मायनर सेवनची तीन स्वरांची कॉर्ड पुरते.